स्वतःचेच पोट तपासणारा कापडवाला

सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावातून एखादा रुग्ण दवाखान्यात येतो. महिनाभर पोट बिघडलेले असते. चार दिवस पातळ, चार दिवस बरे, पुन्हा पातळ. पोटात गुडगुड, करपट ढेकर, जेवणावर वासना नाही, खाल्लेले अंगी लागत नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा तो निमूटपणे हात पुढे करतो. शौचाचा नमुना आणण्यासाठी छोटी डबी दिली की मात्र त्याचा चेहरा बदलतो. डबी पिशवीत जाते आणि बहुतेक वेळा परत येत नाही. मग अंदाजाने गोळ्या लिहून दिल्या जातात. कधी गुण येतो, कधी येत नाही.

या डबीचा इतिहास साडेतीनशे वर्षांच्या घरात जातो. पोटातला सूक्ष्म परजीवी जगात पहिल्यांदा ज्याने पाहिला, त्याने तो दुसऱ्या कोणाच्या नव्हे, स्वतःच्या शौचात पाहिला. तो वैद्य नव्हता, विद्यापीठात शिकलेला नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावचा तो कापडवाला होता. आंतोन व्हान लेव्हेनहूक हे त्यांचे नाव शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून बहुतेकांच्या ओळखीचे आहे.

लेव्हेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा. त्याच गावात, त्याच महिन्यात पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार योहान्स व्हर्मीर जन्मला. लेव्हेनहूक यांचे वडील टोपल्या विणत. मुलगा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईने दुसरे लग्न केले. मुलाला गावाबाहेरच्या शाळेत पाठवले गेले, नंतर एका काकांकडे ठेवले गेले. सोळाव्या वर्षी, १६४८ मध्ये, त्यांची रवानगी ॲम्स्टरडॅमला एका कापडाच्या दुकानात झाली. लॅटिन ही त्या काळच्या विद्वानांची भाषा. ती त्यांना कधीच आली नाही. इंग्रजीही नाही. आयुष्यभर त्यांना एकच भाषा लिहिता-बोलता आली, ती म्हणजे गावाकडची डच.

१६५४ मध्ये ते डेल्फ्टला परतले, लग्न केले, घर घेतले आणि कापडाचे दुकान थाटले. कापसाच्या मुलखातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, की कापडाची पारख सुतावर होते. एका बोटाच्या रुंदीत किती धागे आले, धागा सारखा आहे की गाठाळ, हे बघायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूक यांच्या हातात भिंग पहिल्यांदा आले ते असे, असे मानले जाते.

घरात मात्र सुख थोडेच होते. पाच मुले झाली. त्यातली चार अगदी लहानपणी गेली. मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पत्नी बार्बराही गेली. त्या काळच्या युरोपात अशी घरे कमी नव्हती. ताप, जुलाब, देवी यांत मुले जात आणि का गेली हे कोणाला सांगता येत नसे. लेव्हेनहूक यांनी पुढे दुसरे लग्न केले. दुसरी पत्नीही त्यांच्या आधी वारली. अखेरपर्यंत त्यांची देखभाल केली ती मारियाने.

१६६० मध्ये त्यांना नगरपालिकेची एक नोकरी मिळाली. न्यायकचेरीच्या दालनांची देखभाल करायची, असे तिचे स्वरूप. पुढे ते जमीन मोजणीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १६७९ पासून गावात येणाऱ्या दारूच्या पिंपांचे माप घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. सूत मोजणे, जमीन मोजणे, पिंप मोजणे. मोजण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

पगार नियमित सुरू झाला आणि हाताशी वेळ राहू लागला. त्या वेळात ते काचेचे बारीक मणी आणि भिंगे तयार करू लागले. त्यांचा सूक्ष्मदर्शक आजच्यासारखा टेबलावर ठेवायचा नव्हता. बोटाएवढ्या लांबीच्या दोन धातूच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याहून लहान असे एकच भिंग, मागे एक सुई आणि ती पुढेमागे करायला मळसूत्र. सुईच्या टोकावर बघायची वस्तू लावायची, पट्टी डोळ्याला जवळजवळ चिकटवायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायचे. पाणी किंवा रक्त बघायचे असेल तर ते केसासारख्या बारीक काचनळीत भरायचे. त्यांनी अशी पाचशेहून अधिक भिंगे बनवली. आज त्यांतली मोजकीच शिल्लक आहेत. त्यांतल्या सर्वांत चांगल्या भिंगातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. त्या काळी इतर विद्वानांकडे असलेली दोन भिंगांची यंत्रे याच्या जवळपासही पोचत नव्हती.

भिंगे कशी बनवतात, हे मात्र त्यांनी कोणालाही सांगितले नाही. लोक बघायला येत. त्यांना ते साधी यंत्रे दाखवत. उत्तम यंत्रे आतल्या खोलीत राहत.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधलेच एक वैद्य रेनिएर द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, की आमच्या गावात एक माणूस आहे आणि त्याची भिंगे तुमच्यापेक्षा सरस आहेत. तेव्हापासून लेव्हेनहूक यांचा लंडनशी पत्रव्यवहार सुरू झाला. तो पुढची पन्नास वर्षे चालला. ते डचमध्ये पत्र लिहीत, लंडनमध्ये त्याचे भाषांतर होई. ग्रंथ त्यांनी कधी लिहिला नाही. जे काही सांगायचे ते पत्रांतून. रॉयल सोसायटीला गेलेली त्यांची पत्रेच १९० च्या आसपास भरतात.

१६७४ चा उन्हाळा. इकडे रायगडावर ६ जूनला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच उन्हाळ्यात डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचे पाणी लेव्हेनहूक यांनी बाटलीत भरून घरी आणले. हिवाळ्यात नितळ असणारे ते पाणी उन्हाळ्यात गढूळ आणि हिरवट होई. हे दव पडल्यामुळे होते, अशी गावकऱ्यांची समजूत होती. लेव्हेनहूक यांनी दुसऱ्या दिवशी एक थेंब भिंगाखाली धरला. त्यात हिरव्या वेटोळ्या दोऱ्या होत्या आणि त्यांच्यामधून सुळसुळ फिरणारे असंख्य जीव होते. वालूरच्या जुन्या बारवेतल्या साचलेल्या पाण्याचा थेंब आज शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर साधारण तशीच जत्रा दिसेल. तोवर मात्र ती कोणी पाहिली नव्हती.

दोन वर्षांनी त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. डच जहाजे पूर्वेकडून मिरी नेत. आपल्याकडे वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती आणि डेल्फ्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची शाखा होती. मिरी तिखट का लागते, हे लेव्हेनहूक यांना शोधायचे होते. तिच्या कणांना काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्यांचा तर्क होता. काटे दिसले नाहीत. तीन आठवडे भिजलेल्या त्या पाण्यात दिसले ते आधीच्या जीवांहून कितीतरी लहान जीव. ज्यांना आज जीवाणू म्हणतात ते बहुधा हेच.

९ ऑक्टोबर १६७६ चे त्यांचे पत्र लंडनला पोचले, तेव्हा तिथले विद्वान बुचकळ्यात पडले. एका थेंबात एवढे जीव राहतात, यावर विश्वास कसा ठेवायचा? लेव्हेनहूक यांनी गावातल्या आठ प्रतिष्ठितांना घरी बोलावून ते जीव दाखवले आणि त्यांची लेखी साक्ष लंडनला पाठवली. त्यात धर्मगुरू होते, वकिली काम करणारेही होते. अखेर १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक यांनी रॉयल सोसायटीच्या सभेत स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव सर्वांना दाखवले आणि शंका मिटली. १६८० मध्ये कापडवाले लेव्हेनहूक रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सोसायटीच्या सभेला ते एकदाही गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी त्यांचे पोट बिघडले. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. एरवी दिवसातून एकदा, घट्ट शौचाला होणारा हा माणूस. पण अधूनमधून, दोन-तीन आठवड्यांनी त्यांना पातळ होई. दिवसातून तीन-चार वेळा जावे लागे. दुसरा कोणी असता तर त्याने काढा घेतला असता. लेव्हेनहूक यांनी शौचाचा कण भिंगाखाली धरला. ४ नोव्हेंबर १६८१ रोजी त्यांनी रॉबर्ट हूक यांना जे पत्र लिहिले, त्यात हे सगळे कसलाही आडपडदा न ठेवता आहे. त्याच महिन्यात औरंगजेब बादशहा दख्खन जिंकायला बुऱ्हाणपुरात येऊन पोचला होता. इतिहासाच्या पुस्तकात ती नोंद ठळक आहे. डेल्फ्टच्या पत्राची नोंद वैद्यकाच्या पुस्तकात आहे.

त्या पत्रात त्यांनी एका जीवाचे वर्णन केले आहे. रक्तातल्या तांबड्या कणापेक्षा काही थोडे मोठे, काही थोडे लहान. रुंदीपेक्षा लांबी जरा जास्त. पोटाकडची बाजू चपटी. तिला पायांसारखे बारीक अवयव. त्यांची हालचाल फार वेगाने चाललेली, पण पुढे सरकणे मात्र सावकाश. त्यांच्याबरोबर आणखी दोन-तीन प्रकारचे जीव होते. त्यांतले काही वळवळणाऱ्या वामासारखे.

आजचा कोणताही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हे वर्णन वाचून सांगेल, की हा जिआर्डिया. दुभंगलेल्या पेरूसारखा आकार, एका अंगाला आतड्याला चिकटण्यासाठी बशीसारखा खळगा, हालचालीसाठी केसांसारख्या आठ शेपट्या. लांबी मिलिमीटरच्या सुमारे ऐंशीव्या भागाएवढी. लहान आतड्याच्या अस्तराला तो चिकटतो आणि अन्नातली चरबी व इतर घटक शोषले जाण्यात अडथळा आणतो. म्हणून शौच तेलकट, दुर्गंधी होते, आणि मूल असेल तर त्याचे वजन वाढत नाही.

या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. पोट ठीक असतानाही लेव्हेनहूक यांनी आपले शौच तपासले होते. घट्ट शौचात त्यांना हे जीव दिसले नाहीत. सैल झाले की दिसले. आजारातला नमुना आणि निरोगीपणातला नमुना त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. तरीही या जीवांमुळेच आपले पोट बिघडले, असा दावा त्यांनी केला नाही. जेवढे दिसले तेवढेच लिहिले.

परजीवी कुठून येतात, या प्रश्नावरही त्यांची मते काळाच्या पुढची होती. किडे-अळ्या घाणीतून, धान्यातून, ओलीतून आपोआप उपजतात, असे तेव्हा शिकले-सवरलेलेही मानत. लेव्हेनहूक यांनी धान्यातले सोंडे आणि माणसाच्या अंगावरच्या पिसवा पाळल्या, त्यांची अंडी, अळी, कोश हे सगळे टप्पे पाहिले आणि प्रत्येक जीवाला आईबाप असतात हे दाखवले. गोड खाल्ल्याने पोटात जंत होतात ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. साखरेतून जंत उपजत नाहीत. जंतांची अंडी आणि जिआर्डियाच्या पुटी दुसऱ्याच्या शौचातून माती, पाणी, भाजी आणि न धुतलेल्या हातांमार्फत तोंडात जातात.

त्यांची जिज्ञासा अखेरपर्यंत तशीच राहिली. १६८३ मध्ये त्यांनी दातांवरचे किटण तपासले. रोज मिठाने दात घासणाऱ्या स्वतःच्या तोंडातले आणि आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला. त्याला लेव्हेनहूक यांनी वाम माशाच्या शेपटीत रक्त कसे वाहते ते दाखवले. वय झाल्यावर त्यांना उरोदराच्या पडद्याला अधूनमधून झटके येण्याचा त्रास सुरू झाला. त्याचेही तपशीलवार वर्णन त्यांनी लंडनला कळवले. तो विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. मरणापूर्वी त्यांनी ठरवून ठेवल्याप्रमाणे मारियाने चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी रॉयल सोसायटीला पाठवली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी गहाळ झाली.

विद्या कोणाला न शिकवण्याची किंमत जगाला मोजावी लागली. त्यांच्या हातची भिंगे गेली, तशी ती नजरही गेली. त्यांनी पाहिलेला जीव पुन्हा नीट वर्णिला गेला तो १८५९ मध्ये. प्रागमधले वैद्य लाम्ब्ल यांना तो जुलाबाने आजारी मुलांच्या शौचात आढळला. मधे १७८ वर्षे गेली. डेल्फ्टच्या पत्रातला जीव हाच, हे विसाव्या शतकात क्लिफर्ड डोबेल यांनी दाखवले. डोबेल हे इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात आमांशाने आजारी सैनिकांच्या शौचाचे नमुने तपासत. लेव्हेनहूक यांची पत्रे मुळातून वाचण्यासाठी ते जुनी डच भाषा शिकले आणि त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली तेव्हा, १९३२ मध्ये, त्यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

अलीकडे, २०२१ मध्ये, संशोधकांनी लेव्हेनहूक यांचे यंत्र न उघडता त्यातून न्यूट्रॉनचे किरण पाठवून भिंगाचा आकार तपासला. त्यांच्या सर्वांत ताकदवान भिंगाचे गुपित फारसे गुपित नव्हते असे निघाले. काचेची तार ज्योतीत धरून तिच्या टोकाला मणी तयार करायचा, ही कृती रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच छापली होती. भिंग बनवण्याची रीत इतरांनाही माहीत होती. तासन्‌तास, वर्षानुवर्षे तेच पुन्हा पुन्हा बघण्याची चिकाटी मात्र इतरांकडे नव्हती.

लेव्हेनहूक यांच्यानंतर सूक्ष्मदर्शक सुधारला, पण शौचतपासणीची मूळ रीत तीच राहिली. आजही तालुक्याच्या दवाखान्यात तंत्रज्ञ काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब आणि आयोडीनचा एक थेंब घेतो, त्यात शौचाचा कण कालवतो आणि बघत बसतो. ही तपासणी स्वस्त आहे, कुठेही होऊ शकते, आणि जंतांची अंडी बहुधा त्यातच दिसतात. पण डोळ्याला तीन ठिकाणी मर्यादा पडतात.

पहिली मर्यादा लेव्हेनहूक यांनाच आली होती. घट्ट शौचात त्यांना जिआर्डिया दिसला नाही, याचा अर्थ तो नव्हताच असे नाही. आतड्यातून खाली जाताना हा जीव कवच धारण करतो. ती त्याची पुटी. ती हलत नाही, अंडाकृती ठिपक्यासारखी दिसते आणि नजरेतून सहज सुटते. शिवाय ती रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाही. म्हणून एका नमुन्यात काही आढळले नाही तर दिवसाआड असे तीन नमुने तपासायला सांगतात. दुसरी मर्यादा बघणाऱ्याची. दिवसभरात ढीगभर काचपट्ट्या बघून थकलेल्या डोळ्यांतून चार पुटी निसटू शकतात.

तिसरी मर्यादा सर्वांत अवघड. काही जीव दिसायला हुबेहूब सारखे असतात. आमांश आणि यकृतातले गळू ज्याच्यामुळे होते तो अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी जुळा भाऊ यांच्या पुटींत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. असे दोन वेगळे जीव असावेत, असे पॅरिसचे एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्ये मांडले. फार थोड्यांनी ते मानले. त्या दोघांच्या जैवरसायनातला आणि जनुकांतला फरक उलगडल्यावर १९९३ मध्ये त्यांना अधिकृतपणे दोन स्वतंत्र जाती मानण्यात आले. तोवर ब्रुम्प्त हयात नव्हते. निरुपद्रवी भावासाठी अमीबाची औषधे घेतलेल्या लोकांची मोजदाद कोणी केलेली नाही. तोंड कडू करणाऱ्या, मळमळ आणणाऱ्या त्या गोळ्या आजही आपल्याकडे खुशाल घेतल्या जातात.

रेणवीय चाचणीचे काम इथे सुरू होते. ती जीवाचा आकार बघत नाही. त्याच्या डीएनएतली, फक्त त्याच जातीत आढळणारी अक्षरमाला शोधते. कोविडमुळे आरटी-पीसीआर हा शब्द घरोघर पोचला. ही पद्धत त्याच घराण्यातली. शौचाच्या नमुन्यात बारीक मणी घालून तो जोराने घुसळतात, त्यामुळे पुटीचे चिवट कवच फुटते आणि आतला डीएनए बाहेर येतो. शौचातले पित्तक्षार आणि इतर पदार्थ पुढच्या रासायनिक क्रियेत खोडा घालतात, म्हणून डीएनए धुऊन स्वच्छ करावा लागतो. मग नेमका हवा तोच तुकडा यंत्रात तापवून, थंड करून दुप्पट, पुन्हा दुप्पट केला जातो. असे तीस वेळा झाले की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात आणि यंत्राला त्या कळतात. एकाच नमुन्यात जिआर्डिया, रोगकारक अमीबा आणि लहान मुलांना छळणारा क्रिप्टोस्पोरिडियम असे अनेक परजीवी एकदम तपासता येतात. जुळ्या भावांतला कोणता कोण, हेही कळते.

या चाचणीच्याही मर्यादा आहेत. ज्या जीवाची अक्षरमाला यंत्रात घातली आहे तेवढाच ती शोधते. न विचारलेले सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाला तसे नसते, त्याखाली अनपेक्षित जंताचे अंडेही समोर येते. औषधाने मेलेल्या परजीवीचा डीएनए शौचात काही काळ राहतो, त्यामुळे बरा झालेला रुग्णही बाधित दिसू शकतो. गरीब वस्त्यांतल्या कितीतरी धडधाकट मुलांच्या शौचात जिआर्डिया सापडतो. तेव्हा चाचणीत जीव सापडला म्हणजे आजाराचे कारण सापडले, असे होत नाही. निरोगी दिवसांतला नमुनाही तपासणाऱ्या डेल्फ्टच्या कापडवाल्याने नेमके हेच भान राखले होते.

खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न आहेच. शौचाच्या रेणवीय चाचण्या आज मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत आणि शहरांतल्या मोठ्या प्रयोगशाळांत होतात. मात्र यंत्र गावाजवळ येऊच शकत नाही, असे म्हणायचे दिवस गेले. गोव्यात तयार झालेले, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट हे क्षयरोगाच्या रेणवीय चाचणीचे यंत्र ग्रामीण दवाखान्यांपर्यंत पोचले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. क्षयासाठी जे झाले, ते पोटाच्या परजीवींसाठीही होऊ शकते. क्षयाच्या यंत्रासाठी लोक थुंकीची डबी न लाजता देतात. शौचाची डबी परत आली नाही, तर मात्र कितीही चांगले यंत्र रिकामेच राहील.

तोवर हाताशी आहे ते नीट वापरता येते. डबी कोरडी आणि स्वच्छ असावी, शौचात लघवी किंवा पाणी मिसळू नये. पातळ शौच असेल तर नमुना अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचावा. हलणारे जीव त्यानंतर मरतात आणि ओळखू येत नाहीत. जुलाबाची किंवा जंतुनाशक औषधे सुरू करण्याआधीच नमुना द्यावा. एका नमुन्यात काही निघाले नाही आणि त्रास चालूच राहिला, तर दुसरा आणि तिसरा द्यायला कंटाळू नये.

जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना जरूर द्यावी. पण ती एक गोळी मुख्यतः गोलकृमी, अंकुशकृमी अशा जंतांसाठी असते; तेवढ्या एका मात्रेने जिआर्डिया जात नाही. गोळी घेऊनही मुलाचे पोट वारंवार बिघडत असेल आणि वजन वाढत नसेल, तर तपासणी करावी. पाण्याच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हवे, की नेहमीच्या प्रमाणात टाकलेल्या क्लोरीनला जिआर्डियाच्या पुटी बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि क्रिप्टोस्पोरिडियमच्या तर मुळीच नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ते मिनिटभर तसेच उकळू दिले, की दोन्ही मरतात.

लेव्हेनहूक यांच्याकडे ना रुग्णालय होते, ना पदवी, ना पीसीआर यंत्र. पोट बिघडल्यावर त्यांनी अंदाज बांधला नाही, तपासून पाहिले. जे काम त्यांनी १६८१ मध्ये घरातल्या खिडकीपाशी उभे राहून केले, त्यासाठी आजच्या रुग्णाला फक्त एक छोटी डबी भरून परत आणायची असते.